तळटीप : फाशांवरची उदगीरची लढाई

१. ‘मोठी लढाई’ : रोलप्लेइंग गेममध्ये खेळाडू एकेकच पात्र चालवतो. हजारोंच्या फौजेतल्या प्रत्येक वारासाठी फासे टाकत बसले, तर रात्र सरते, लढाई नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) ज्या ‘चेनमेल’ (१९७१) या सैन्यखेळातून वाढला, त्यात मोठ्या लढाईसाठी एक सोंगटी वीस सैनिकांची धरत. मराठी गटांनी उदगीरची लढाई खेळावी, असा माझा आग्रह आहे. १७६०च्या आरंभी निजामाची फौज उदगीरहून औशामार्गे धारूरची कुमक गाठायला निघाली. सदाशिवरावभाऊंच्या स्वारांनी तिला वाटेत घेरून सतावले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी झोडपले. ३ फेब्रुवारीला ती मोडली. खेळ चालवणाऱ्याने ही चाल चार-पाच टप्प्यांत मांडावी आणि प्रत्येक टप्प्यात पात्रांना एकच निकराचे काम द्यावे : वैरणीचा तांडा अडवणे, धारूरला निघालेला जासूद पकडणे. त्याचा निकाल पुढच्या टप्प्यात फौजेच्या धीरावर धरावा. पडलेली मुंडकी मोजून हार-जीत ठरवण्याची रीत मला पटत नाही. फौज बहुधा धीर सुटल्याने मोडते. तहाच्या वाटाघाटीही खेळाव्यात. पेशव्यांना तेव्हा सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मिळाले होते.