हा होकार कोणाचा? : केंद्रित गटचर्चेच्या उगमाविषयी

कविता वाचून संपली की आपण वर्गाला विचारतो, ‘इथे कवीचा एकाकीपणा किती तीव्रतेने व्यक्त झाला आहे, नाही का?’ वर्ग ‘हो’ म्हणतो आणि आपण पुढच्या कडव्याकडे वळतो. हा होकार वर्गाचा की आपलाच प्रतिध्वनी, असा प्रश्न अध्यापनाच्या ओघात सहसा पडत नाही. सामाजिक संशोधनात मात्र याच प्रश्नाने एका पद्धतीला जन्म दिला. ‘फोकस ग्रुप’ अर्थात केंद्रित गटचर्चा हे नाव आज साबणाच्या जाहिराती आणि निवडणुकीचा प्रचार यांच्या संदर्भात अधिक ऐकू येते. तिचा उगम मात्र एका चुकीच्या रीतीने घेतलेल्या मुलाखतीत आहे.

नोव्हेंबर १९४१. कोलंबिया विद्यापीठात नुकतेच रुजू झालेले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन सपत्नीक पॉल लाझार्सफेल्ड यांच्या घरी भोजनासाठी गेले. लाझार्सफेल्ड व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले, नभोवाणीच्या श्रोत्यांचा अभ्यास करणारे संशोधक. त्या संध्याकाळी जेवण बाजूला ठेवून ते मर्टन यांना स्टुडिओत घेऊन गेले. जनतेचे मनोधैर्य वाढवण्यासाठी तयार केलेल्या नभोवाणी कार्यक्रमांची तिथे चाचणी चालू होती. श्रोत्यांच्या हाती लाल आणि हिरवी अशी दोन बटणे होती. कंटाळा, राग वा अविश्वास वाटला तर लाल दाबायचे, आवडले तर हिरवे. यंत्र क्षणाक्षणाची नोंद करी. कार्यक्रम संपल्यावर एक साहाय्यक श्रोत्यांना त्यांच्या पसंती-नापसंतीची कारणे विचारू लागला.

मर्टन यांना ती मुलाखत ऐकवेना. चिठ्ठ्या लिहून ते लाझार्सफेल्ड यांच्याकडे सरकवू लागले. प्रश्नकर्ता नोंदलेल्या नेमक्या प्रतिक्रियांवर पुरेसा थांबत नव्हता, श्रोत्यांना आपणहून बोलू देत नव्हता आणि नकळत उत्तरे सुचवत होता. न्यायालयात ज्याला सूचक प्रश्न म्हणतात, तोच हा दोष. लाझार्सफेल्ड यांनी टीका ऐकून घेतली आणि पुढच्या गटाची मुलाखत मर्टन यांच्यावरच सोपवली. समीक्षकाला लेखणी हाती घ्यायला लावावे, तसाच हा प्रकार.

पुढे महायुद्धाच्या काळात सैनिकांना दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या अभ्यासात ही रीत घासूनपुसून निघाली. १९४६ मध्ये मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांनी तिच्यावर निबंध लिहिला. १९५६ मध्ये मार्जोरी फिस्क यांच्यासह पुस्तक आले. त्यांनी तिला ‘केंद्रित मुलाखत’ म्हटले होते. ती एका व्यक्तीची असे, तशी गटाचीही. चांगल्या मुलाखतीच्या चार कसोट्या त्यांनी सांगितल्या : प्रतिक्रियांचा पैस व्यापक असावा, प्रतिक्रिया नेमक्या कशावर उमटली ते कळावे, आवडले-नावडले याच्या तळाशी जाता यावे आणि बोलणाऱ्याच्या आयुष्याचा संदर्भ उमगावा. साहित्याच्या अभ्यासकाला यातली एकही कसोटी परकी वाटू नये.

या रीतीने काय हाती लागते, याचे उदाहरण म्हणजे मर्टन यांचे १९४६ चे ‘मास परस्वेजन’. सप्टेंबर १९४३ मध्ये गायिका केट स्मिथ यांनी एकाच दिवसात अठरा तास नभोवाणीवरून वारंवार आवाहन करून सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरच्या युद्धरोख्यांसाठी लोकांची वचने मिळवली. आकडा कोणालाही मोजता आला असता. लोकांना त्यात नेमके काय भावले, हे मात्र शंभर जणांशी सविस्तर बोलल्यावर कळले. दिवसभर थकत, राबत राहिलेला तो आवाज त्यांना ‘खरा’ वाटला होता. यातूनच मर्टन खोट्या आत्मीयतेच्या प्रश्नाकडे वळले. मन वळवण्याच्या तंत्राचा अभ्यास करताना त्यांनी त्या तंत्राच्या नैतिकतेलाही हात घातला.

नंतरचा इतिहास काहीसा विपरीत आहे. विद्यापीठांनी ही रीत बरीचशी विस्मरणात टाकली आणि बाजार-संशोधनाने ती उचलली. १९८७ मध्ये मागे वळून पाहताना मर्टन यांनी एक भेद पुन्हा स्पष्ट केला : गटचर्चेतून नव्या कल्पना आणि गृहीतके मिळतात, एखादे मत समाजात किती पसरले आहे, हे तिच्यातून सिद्ध होत नाही. दहा जणांच्या बोलण्यावरून दहा लाखांचा कल सांगणे ही पद्धतीची मर्यादा ओलांडणे होय. १९८८ मध्ये डेव्हिड मॉर्गन आणि रिचर्ड क्रुगर यांची पुस्तके आली आणि ही चर्चा समाजशास्त्रात परतली. एड्सविषयक बातम्या लोक कशा समजून घेतात, याचा अभ्यास करणाऱ्या जेनी किट्झिंगर यांनी १९९४ मध्ये आणखी एक मुद्दा ठामपणे मांडला. गटातील माणसे एकमेकांशी बोलतात, अडवतात, थट्टा करतात, गप्प होतात. हा परस्परव्यवहार हीच खरी सामग्री. तो वगळला तर ती एकाच वेळी उरकलेल्या अनेक मुलाखतींची बेरीज ठरते.

हे सारे वाचण्यापूर्वी मी स्वतः एक गटचर्चा घेतली होती. विषय विद्यार्थ्यांचे अवांतर वाचन. दहा विद्यार्थी, संचालक मीच. त्यांनी अभ्यासक्रमातल्या लेखकांची नावे भक्तिभावाने घेतली. घरी ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा सर्वांत जास्त आवाज माझाच होता. एका मुलीने गावाकडच्या बोलीत एक वाक्य सुरू केले. मी ते ‘समजून घेण्यासाठी’ प्रमाण भाषेत उच्चारून दाखवले. त्यानंतर तासभर ती बोलली नाही. तिचे मौन मला तिथे बसून ऐकू आले नव्हते.

गटचर्चेचे नियोजन म्हणजे असे मौन आधीच ओळखणे. साधारण सहा ते दहा जण, ज्यांना एकमेकांसमोर मोकळेपणाने बोलता येईल असे. गुण देणारा शिक्षक संचालकाच्या खुर्चीवर नको. मुली मुलांसमोर गप्प राहत असतील तर त्यांचा वेगळा गट. नोंदी घेण्यासाठी दुसरी व्यक्ती. सोप्या, अनुभवाच्या प्रश्नांपासून सुरुवात. आणि एकाच गटावर न थांबता नवे काही निघेनासे होईपर्यंत अनेक गट. कोणी बोलता बोलता थांबले, तर ते वाक्य त्याचे त्यालाच पुरे करू देणे, हे या सर्वांत अवघड.

दुसऱ्या वेळी संचालनासाठी बाहेरच्या एका तरुण संशोधिकेला बोलावले आणि प्रश्नही बदलला : ‘तुमच्या घरी कोण काय वाचतं?’ स्पर्धा परीक्षांची पुस्तके निघाली, आजीची पोथी निघाली, भाऊ झोपल्यावर वाचलेली त्याची रहस्यकथा निघाली. आमचे विद्यार्थी किती वाचतात, हे यावरून मला सांगता येणार नाही. मात्र ‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ हे वाक्य मी तेव्हापासून वर्गात उच्चारलेले नाही.