बाळंतरोग, विटाळ आणि सुरी

मुक्ता साळवे ही मांगाची पोर. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकली. १८५५ साली, चौदा वर्षांची असताना, तिनं 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. बिनछपराच्या घरात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिनं मांडले, आणि बाळंतरोग झाल्यावर वैद्याच्या नि औषधाच्या पैशाचं काय, हा सवाल टाकला.

मित्रांनो, हा बाळंतरोग म्हणजे काय? वार पडल्यावर गर्भपिशवी आतून उघड्या जखमेसारखी असते. तिच्यात जंतू शिरले की हुडहुडी, ताप, घाण वास, पोटात पू, आणि शेवटी सगळ्या रक्तात विष.

याचं खापर फुटलं सुईणीवर. मराठवाड्यात कैक गावांची सुईण मांगवाड्यातली. नाळ तिनंच कापायची आणि विटाळही तिचाच मानायचा. इंग्रज डॉक्टरांनीसुद्धा अडाणी, घाणेरडी दाई म्हणून तिच्याकडंच बोट दाखवलं.

आता व्हिएन्नाच्या इस्पितळाचा हिशोब बघा. १८४६ साली डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या वॉर्डात शंभरातल्या अकरा बाळंतिणी मेल्या. सुइणींच्या वॉर्डात तीनसुद्धा नाहीत. डॉक्टर मंडळी मढी चिरायची आणि तेच हात बाळंतिणीला लावायची. १८४७ मध्ये सेमेलवाइसनं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मरणं झपाट्यानं उतरली. न धुतलेला हात सुईणीचा असो की साहेबाचा, जंतूला जात कळत नाही.

सुरी यायची ती सगळ्यात शेवटी. १८७६ मध्ये इटलीत पोरोनं पोट फाडून मूल काढलं. पुढं रक्त वाहू नये, पू होऊ नये म्हणून पिशवीच कापून टाकली. बाई वाचली. १९३६ पासून सल्फाची औषधं नि मग पेनिसिलीन आलं, आणि पुष्कळ जणी सुरीवाचून जगू लागल्या. पेनिसिलीन आपल्या पिंपरीत १९५५ पासून बनू लागलं. आजही अडकलेला वारेचा तुकडा काढतात, पू वाहता करतात. औषधाला दाद मिळेना आणि पिशवी सडली, तरच ती काढतात. पण त्याला भूल लागते, रक्त लागतं, सर्जन लागतो, वेळेवर गाडी लागते.

मुदखेडवरून निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास धावू लागली. मराठवाड्यात पहिलं सरकारी मेडिकल कॉलेज मात्र १९५६ ला निघालं, तेही तेव्हाच्या औरंगाबादला. शेजारच्या नांदेडला १९८८ उजाडलं.

आणि २०१९ मध्ये काय उघड झालं? बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या हजारो बायांच्या पिशव्या काढलेल्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. जिचा जीव सुरीनं वाचला असता तिच्यापर्यंत ती पोचली नाही, आणि गोळ्या-विश्रांतीवर भागलं असतं अशांवर ती चालली.

तेव्हा दोस्तहो, वस्तीतल्या बाळंतिणीला हुडहुडी भरली, अंगावरून घाण जाऊ लागलं, तर अंगारा-धुपाऱ्यात रात्र घालवू नका, दवाखाना गाठा. आणि कुणी पिशवी काढा म्हटलं, तर का काढायची ते कागदावर लिहून मागा.