पाहुणा संचालक आणि बारा वर्षांचा वादक
(लंडन, २७ मे १८४४)

लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअरमधील संगीतगृहात २७ मे १८४४ रोजी संध्याकाळी फिलहार्मोनिक सोसायटीची मैफल झाली. वाद्यवृंद सोसायटीचा, संचालक जर्मनीहून आलेला पाहुणा, आणि व्हायोलिनचा प्रमुख वादक अवघा बारा वर्षांचा. बेथोव्हेनच्या व्हायोलिन काँचेर्टोला आज जे अढळ स्थान आहे, त्याचा पाया या मैफलीने घातला, असे पाश्चात्त्य संगीताचे अभ्यासक मानतात.

काँचेर्टो म्हणजे एक प्रमुख वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्या संवादासाठी बांधलेली दीर्घ रचना. बेथोव्हेनने हा काँचेर्टो फ्रान्झ क्लेमेंट या व्हिएन्नातील वादकासाठी लिहिला आणि २३ डिसेंबर १८०६ रोजी तो प्रथम वाजविला गेला. रचना इतक्या उशिरा हाती आली की क्लेमेंटला पुरेशी तालीमही करता आली नाही, असे सांगतात. त्याच कार्यक्रमात त्याने व्हायोलिन उलटे धरून एकाच तारेवर स्वतःची एक चीज वाजवून दाखविली! श्रोत्यांची तत्कालीन अभिरुची कोणत्या थराची होती, हे यावरून ध्यानी यावे.

त्या अभिरुचीला हा काँचेर्टो मानवणे कठीणच होते. नगाऱ्याच्या पाच मंद ठोक्यांनी त्याचा आरंभ होतो. नंतर जवळजवळ तीन मिनिटे वाद्यवृंदच वाजत राहतो आणि प्रमुख वादक व्हायोलिन हातात धरून स्तब्ध उभा असतो. तो वाजवू लागला तरी त्याच्या वाट्याला चमत्कृती फारशा येत नाहीत. शांत, संयत आणि दीर्घ असे स्वरवाक्य त्याला पेलावे लागते. संपूर्ण रचना सुमारे पाऊण तासाची. टाळ्या घेण्यासाठी वाजविणाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरविली, यात नवल नाही. पुढे तीन-साडेतीन दशके ती क्वचितच वाजविली गेली. खुद्द लंडनमध्ये ती १८३२ साली एकदा होऊन गेली होती. पण तिचा ठसा कोणाच्या मनावर उमटला नाही.

फिलहार्मोनिक सोसायटीची स्थापना १८१३ ची. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीसाठी त्याला आगाऊ ५० पौंड देऊ करणारी संस्था ती हीच. तथापि हंगामातील मैफलींना वेगवेगळे संचालक बोलाविण्याची तिची प्रथा असल्यामुळे वाद्यवृंदाला एकसंध वळण लागत नसे. आपल्या मैफलीत गवई हाच मैफलीचा धनी असतो; तबलजी आणि पेटीवाला त्याच्या चेहऱ्याकडे पाहून साथ करतात. साठ-सत्तर वादकांच्या मेळ्यात असे चालत नाही. तेथे लय, स्वराचा जोर, कोणी केव्हा मागे राहावे, हे सारे एकाच डोक्याने ठरवावे लागते. १८४४ च्या हंगामात सोसायटीने लागोपाठच्या अनेक मैफलींसाठी फेलिक्स मेंडेलसन यास पाचारण केले. त्याचे वय तेव्हा ३५ होते. लाइप्झिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाला त्याने नावारूपाला आणले होते आणि लंडनला तो १८२९ पासून परिचित होता.

मेंडेलसनने आपल्या एका मैफलीसाठी सुचविलेला मुलगा म्हणजे योझेफ योआखिम. हंगेरीत १८३१ साली जन्मलेला हा मुलगा व्हिएन्नात शिकून १८४३ मध्ये लाइप्झिगला मेंडेलसनच्या छत्राखाली आला होता. बालकलावंतांना व्यासपीठावर आणावयाचे नाही, असा सोसायटीचा दंडक होता. तो अनाठायी म्हणता येणार नाही. विलक्षण पोरांचे खेळ दाखवून पैसा करणारे पालक आणि व्यवस्थापक त्या काळी युरोपभर हिंडत होते. मेंडेलसनच्या शब्दाखातर दंडक बाजूला ठेवला गेला.

या मुलाने कौतुकाचा तुकडा वाजविला नाही. त्याने निवडला तो हाच उपेक्षित काँचेर्टो. समोर स्वरलिपी न ठेवता त्याने तो वाजविला. व्हायोलिनवादकाने एकट्याने खुलवावयाच्या जागा बेथोव्हेनने मोकळ्या सोडल्या आहेत. त्याही योआखिमने स्वतः रचलेल्या स्वरांनी भरल्या. श्रोत्यांच्या आणि वादकांच्याही उत्साहाला सीमा राहिली नाही. दुसऱ्याच दिवशी मेंडेलसनने मुलाच्या आप्तांना पत्र लिहून या यशाचा वृत्तान्त कळविला, आणि त्याच पत्रात सल्ला दिला, की आता त्याला लोकांसमोरून काही काळ दूर न्यावे आणि निवांतपणे शिकू द्यावे. गौरवाच्या दुसऱ्या दिवशी असे लिहिणारा आश्रयदाता विरळा. कुमार गंधर्वांचे बालपण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना देवधर मास्तरांकडील त्यांच्या शिक्षणाची आठवण येथे झाल्यावाचून राहणार नाही.

योआखिमने हा काँचेर्टो पुढे आयुष्यभर वाजविला. १९०४ साली लंडनने त्याच्या पहिल्या आगमनाच्या षष्ट्यब्दीचा सोहळा केला, तेव्हाही बहात्तर वर्षांच्या त्या वृद्धाने हीच रचना सादर केली.

पाहुण्याच्या शब्दाला मर्यादाही होती, हे मात्र नमूद केले पाहिजे. शूबर्ट १८२८ मध्ये वारला, तेव्हा त्याची सी मेजरमधील थोरली सिंफनी कोणी जाहीरपणे ऐकलेली नव्हती. तिचे हस्तलिखित त्याच्या भावाच्या घरी व्हिएन्नात पडून होते. रॉबर्ट शूमानला ते १८३९ च्या प्रारंभी तेथे आढळले आणि त्याच वर्षी २१ मार्चला मेंडेलसनने लाइप्झिगला ती सादर केली. १८४४ च्या त्याच हंगामात, ज्या वाद्यवृंदाने बारा वर्षांच्या मुलाला डोक्यावर घेतले त्याच वाद्यवृंदापुढे मेंडेलसनने ही सिंफनी ठेवली. शेवटच्या भागात व्हायोलिनच्या वाट्याला एकच आकृती पुनःपुन्हा येते. ती वाजविता वाजविता वादक हसू लागले. मेंडेलसनने ती सिंफनी कार्यक्रमातून काढून घेतली. इतकेच नव्हे, तर रागाच्या भरात स्वतःची ‘रुय ब्लास’ ही रचनाही वाजवू दिली नाही.

शूबर्टची ती सिंफनी लंडनकरांना ऐकावयास मिळाली ती १८५६ साली, क्रिस्टल पॅलेसमध्ये, आउगुस्ट मान्स याच्या संचालनाखाली. मेंडेलसनच्या निधनाला त्या वेळी आठ वर्षे उलटून गेली होती.