वाळूखालचें गोडें पाणी

अ‍ॅमस्टरडॅम हें कालव्यांचें नगर. परंतु पाणी उशाला व कोरड घशाला अशी त्याची कैक शतकें स्थिति होती. कालवे मचूळ व घाण. पावसाचें पाणी हौदांत सांठवावें, नाहीं तर व्हेख्ट नदीचें नावांतून आलेलें विकत घ्यावें, असा क्रम असे. १८५३ सालीं हार्लेमनजीकच्या वाळूच्या टेंकड्यांतलें पाणी नळानें शहरांत आलें व एका सेंटास एक बादली मिळूं लागलें.

पाऊस वाळूंत मुरतो, आणि तें गोडें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगतें. १८८९ च्या सुमारास डच अभियंता बाडोन खायबेन यानें व १९०१ सालीं जर्मनीच्या हेर्त्सबेर्गनें त्याचें गणित मांडलें: समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडें पाणी असेल, तर खालीं सुमारें ४० फूट असतें. म्हणजे वर १ फूट ओहटलें, कीं कालांतरानें खालचें खारें पाणी ४० फूट वर सरकतें.

शहर वाढलें, उपसाहि वाढला. जलखात्याचे प्रमुख पेन्निंक यांनीं १९०५ सालीं वाळूच्या पेटींत खाऱ्या पाण्याच्या जागीं दूध घालून प्रयोग केला. वरून पाणी उपसतांच खालचें दूध शंकूसारखें वर चढलें! तरीहि नदीचें पाणी टेंकड्यांत मुरविण्यास १९५७ साल उजाडावें लागलें. ऱ्हाइनचें पाणी गाळून तेथें सोडूं लागले, तेव्हां कोठें तो सांठा सांवरला.

भूमीच्या पोटांतलें पाणी ही ठेव आहे. भरणा न करतां उचल करणाराच्या पदरीं शेवटीं खारेपणाच येतो.