पिलाचें ताट आणि हाडाचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांतील हुपरी हें गांव चांदीच्या पैंजणांमुळें देशभर प्रसिद्ध आहे. त्याच्या जवळच पट्टणकोडोली असून तेथील विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेस महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील धनगर समाज लोटतो आणि भंडाऱ्यानें सारा परिसर पिवळा होऊन जातो. या बाजूला मेंढरांचा कळप वाटेनें निघाला म्हणजे त्याच्याबरोबर कुत्रें हें असावयाचेंच. तें कोणी पुस्तक वाचून वाढविलेलें नसतें. भाकरीचा तुकडा, ताकाचा किंवा दुधाचा घोट आणि मांस शिजण्याच्या दिवशीं वाट्यास येणारें हाड, यांवर त्याच्या कैक पिढ्या पोसल्या गेल्या आहेत.

शहरांतील सुशिक्षित घरांत मात्र कुत्र्याचें पिलू आलें कीं वाद उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून त्यास कच्चें मांसच द्यावें. ऑस्ट्रेलियांतील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनीं १९९३ सालीं ग्रंथ लिहून कच्चें मांस, कच्चीं हाडें व भाजीपाला या आहाराचा पुरस्कार केला, तेव्हांपासून या मतास जोर चढला. तयार खाद्य ही कालपरवाची वस्तु आहे, हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें लंडन येथें कुत्र्यांचीं बिस्किटें विकण्यास आरंभ केला.  परंतु बिस्किटाच्या आधीं सर्वत्र कच्चें मांसच होतें काय, या प्रश्नाचें उत्तर इतिहासाकडेच मागावें लागतें.

आपल्या देशांत कुत्र्याचा सन्मान फार जुना. ऋग्वेदांतील सरमा पणींनीं दडविलेल्या गाईंचा शोध लावते. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' ग्रंथांत शिकारी कुत्र्यांस स्थान दिलें. साताऱ्याच्या छत्रपति शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि संगम माहुलीस दाखवितात. कोल्हापूरच्या पूर्वेस, आज कर्नाटकांत असलेल्या मुधोळच्या घोरपडे राजांनीं तेथील चपळ शिकारी कुत्र्यांची जोपासना केली. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें या जातीचें तिकीट काढलें. हा वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा त्या भागांतील शेतकऱ्यांच्या घरीं ज्वारी, मका व दूध यांवर वाढत आला आहे.

हीच रीत दूरदेशींही आढळते. इसवी सनापूर्वीं ३७ या वर्षीं रोमन पंडित व्हारो यानें शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यांत मेंढपाळाच्या कुत्र्यास सातूची भाकर दुधांत भिजवून द्यावी, हाडांचा रस्सा व फोडलेलीं हाडेंही द्यावीं, म्हणजे दांत बळकट होतात, असें तो सांगतो. मेलेल्या मेंढीचें मांस मात्र देऊं नये, कारण चव लागली कीं राखणदारच कळपावर उठेल. पट्टणकोडोलीच्या यात्रेस येणाऱ्या धनगरानें व्हारोचें नांव ऐकलेलें नसेल; पण भाकर, दूध आणि हाड हा बेत दोघांचा एकच.

या बेताचें मर्म शास्त्रानें फार उशिरां उलगडलें. २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, पिष्ट पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चारापासून तिसांपर्यंत आढळतात. माणसाच्या दाराशीं हजारों वर्षें राहून कुत्र्याचें पोटही माणसाळलें. कोल्हापूरच्या संस्थानांत काळविटाच्या शिकारीसाठीं पाळलेले चित्ते असत. त्यांना मांसावांचून गति नव्हती, कारण मार्जारकुळाचें पोट तसेंच घडलेलें आहे. कुत्र्याची गोष्ट निराळी.

तथापि वाढत्या पिलाच्या बाबतींत निव्वळ भाकरीही पुरी पडत नाहीं आणि निव्वळ मांसही नाहीं. हा धडा दोन प्रसंगांनीं मिळाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सिंहाचे छावे पाय वांकून मरत असत. त्यांना घोड्याचें मांस मिळे, पण घोड्याचें जाड हाड त्यांच्या कोंवळ्या दांतांनीं फुटत नसे. १८८९ सालीं शल्यवैद्य जॉन ब्लँड-सटन यांनीं दूध, कुटलेलीं हाडें व कॉड माशाच्या यकृताचें तेल देण्यास सांगितलें आणि छावे सुधारले. पुढें १९१९ च्या सुमारास एडवर्ड मेलनबी यांनीं पिलांवर प्रयोग केले. घरांत कोंडून मुख्यत्वें धान्यावर ठेवलेल्या पिलांस मुडदूस झाला, आणि तें यकृततेल मिळालेलीं पिलें त्यांतून वांचलीं. 'ड' जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट याच प्रयोगांनीं मोकळी केली.

कारण सरळ आहे. शंभर ग्रॅम मांसांत कॅल्शियम अवघें दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतें, फॉस्फरस मात्र दोनशेंच्या घरांत. वाढत्या पिलास तर कॅल्शियम फॉस्फरसपेक्षां थोडें अधिकच लागतें. तें अन्नांतून मिळालें नाहीं, तर शरीर स्वतःच्याच हाडांतून काढून घेतें. मग पाय वांकतात आणि साध्या उडीनेंही हाड मोडतें. ज्याचें पिलू रोज बिनहाडाचें उंची मांस खातें, तो धनी प्रेमापोटींच त्याला पंगु करीत असतो. उलट भीतीपोटीं कॅल्शियमची पूड वाटेल तशी घालणेंही घातक आहे, कारण मोठ्या जातींच्या पिलांस जादा कॅल्शियम टाळतां येत नाहीं व त्यांचीं हाडें वेडींवांकडीं वाढतात.

कच्च्या मांसाचें आणखी एक अंग आहे. आइसलंडांत एकेकाळीं माणसांच्या यकृतांत पाण्याच्या गांठी होत. १८६३ सालीं डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे यांनीं तेथें शंभर कुत्रीं तपासलीं, तेव्हां चौथाईहून अधिक कुत्र्यांच्या पोटांत एक बारीक पट्टकृमि सांपडला. मेंढीचीं कच्चीं आंतडीं-काळजें कुत्र्यांना टाकलीं जात, त्यांतून कृमि कुत्र्यांत येई आणि कुत्र्याच्या विष्ठेंतून माणसांत. क्राबे यांची माहितीपत्रिका लोकांत वांटण्यांत आली, १८६९ सालीं कायदा झाला, आणि विसाव्या शतकांत रोग ओसरला. मेलेली मेंढी कुत्र्यास देऊं नये, हा व्हारोचा इशारा कळप राखण्यासाठीं होता. आइसलंडनें तोच नियम माणूस राखण्यासाठीं पाळला. आपल्याकडील मेंढ्यांतही हा रोग आढळतो. शिवाय कच्च्या मांसांतील जंतु हात, भांडीं व फरशी यांवाटे घरांतील लहान मुलांपर्यंत पोंचतात, आणि मांस गोठविल्यानें ते सारे मरत नाहींत.

या इतिहासाचें सार व्यवहारांत आणणें कठीण नाहीं. पिलास पहिले चार आठवडे आईचें दूध, नंतर हळूहळू मऊ अन्न, आणि पुढें कांहीं महिने दिवसांतून तीन-चार वेळां थोडें थोडें. मांस शिजवून द्यावें. शिजलेलें हाड मात्र कधींही देऊं नये, कारण तें ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिरफळ्या घशांत व आंतड्यांत रुततात. ज्यांना कच्चा आहारच द्यावयाचा असेल, त्यांनीं आंतडीं-काळजें वर्ज्य करावीं, हात व भांडीं कडक स्वच्छ ठेवावीं, कॅल्शियमचें प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावें आणि जंतांचें औषध चुकवूं नये.

हुपरीच्या पेढीवर चांदी घेतांना कोणी तिच्या चकाकीवर भुलत नाहीं. कस पाहतो आणि तोलून घेतो. कच्चें कीं शिजलेलें, हा वाद चकाकीचा झाला. वाढत्या पिलाच्या ताटांत हाडाला हवें तें हाडाला मिळालें कीं नाहीं, हें तोलून पाहणें हाच खरा कस होय. मुक्या जीवाला आपली उपासमार सांगतां येत नाहीं. ती त्याच्या पायांवर दिसूं लागते, तेव्हां फार उशीर झालेला असतो.