कोलोरॅडोच्या दरीतील तीन नावे

अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात कोलोरॅडो नदीने जी प्रचंड दरी कोरली आहे, तिला ग्रँड कॅन्यन म्हणतात. काठावरून पाहिले तर सुमारे मैलभर खोलीवर नदी बारीक फितीसारखी दिसते. हा प्रदेश १९१९ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला, आणि आता दरवर्षी हजारो हौशी प्रवासी रबरी तराफ्यांतून या नदीने खाली उतरतात. दक्षिण काठावर एक दगडी स्मारक आहे. या जलमार्गाने दरी पार करणारा जॉन वेस्ली पॉवेल आणि त्याचे सोबती यांची नावे तेथे कोरलेली आहेत. पण सर्वांची नाहीत.

२४ मे १८६९ रोजी पॉवेल वायोमिंगमधून ग्रीन नदीने निघाला, तेव्हा त्याच्यासह दहा माणसे, चार होड्या आणि दहा महिन्यांचा शिधा होता. पॉवेल भूगर्भशास्त्राचा अध्यापक. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्याने उजवा हात गमावला होता. होड्या मजबूत होत्या, परंतु वल्हेकरी पुढील मार्गाकडे पाठ करून बसत. ज्यांच्या हाती होडीचे भवितव्य, त्यांनाच समोरचा खडक दिसू नये! जूनमध्येच लोडोरच्या दरीत एक होडी फुटली आणि पुष्कळसा शिधा वाहून गेला. जुलैत एका सोबत्याने मोहीम सोडली. उरलेले पीठ भिजून कुजू लागले.

२७ ऑगस्टला नऊ जण एका भीषण खळाळापाशी थांबले. पाच-सहा दिवस पुरेल एवढेच अन्न उरले होते. होडी हाताने उचलून नेण्यास काठ नव्हता. त्या रात्री ओरामेल हाउलंडने पॉवेलला नदी सोडण्याचा सल्ला दिला. ताऱ्यांच्या वेधांवरून पॉवेलने हिशोब केला, तेव्हा व्हर्जिन नदीचा संगम सरळ रेषेत ४५ मैलांवर निघाला. पण नदी सरळ रेषेत थोडीच वाहते! पॉवेल रात्रभर वाळूत येरझाऱ्या घालीत राहिला.

सकाळी ओरामेल, त्याचा भाऊ सेनेका आणि विल्यम डन यांनी कडा चढून जाण्याचे ठरविले. त्यांना बंदुका देण्यात आल्या. स्वयंपाक्याने त्यांच्यासाठी भाकऱ्या भाजून ठेवल्या. दोन्ही पक्षांना दुसऱ्याचाच मार्ग अधिक घातक वाटत होता, असे पॉवेलने पुढे लिहिले. एक होडी तेथेच सोडून उरलेले सहा जण दोन होड्यांतून खळाळात शिरले, आणि पाहता पाहता सुखरूप पार झाले. त्यांनी बंदुकीचे बार काढून वरच्या तिघांना बोलावले, वाट पाहिली. कोणी आले नाही.

३० ऑगस्टला, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी, सहा जण व्हर्जिनच्या संगमावर पोहोचले. तिघे पठारावर मारले गेले. शिव्विट्स पायूट लोकांनी त्यांना मारल्याचे पॉवेलला १८७० मध्ये सांगण्यात आले. काही अभ्यासकांचा संशय मात्र मॉर्मन वसाहतकऱ्यांवर आहे.

स्मारक उभारणाऱ्यांनी या तिघांना पळपुटे ठरवून त्यांची नावे वगळली. हा न्याय कठोर वाटतो. उपासमार समोर दिसत असता अज्ञात नदीपेक्षा जमीन बरी मानणे हा भ्याडपणा नव्हे. शिवाय तिघांनी अर्ध्याहून अधिक वाट इतरांच्याच खांद्याला खांदा लावून काढली होती. पुढे हूवर धरणाच्या जलाशयाने तो खळाळ बुडविला. त्या ठिकाणच्या उपदरीला मात्र नकाशावर अजूनही ‘सेपरेशन’, म्हणजे ताटातूट, असेच नाव आहे.