पहिल्या लेव्हलचा जादूगार इतका लेचापेचा का?

मागच्या भागानंतर आलेल्या मेसेजेसमध्ये एकच तक्रार तीन-चार जणांनी केलीय. 'बाल्डर्स गेट ३' सुरू केला, किंवा मित्रांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या टेबलावर बसवलं. हौसेनं जादूगार घेतला आणि पहिल्याच मारामारीत दोन गॉब्लिननी त्याला आडवा केला. मग बाकीचे खेळतायत आणि आपण मोबाइल बघतोय. एकानं तर विचारलंय, जादूगार सोडून सरळ फायटर घेऊ का?

थांबा. हा प्राणी आला कुठून ते आधी ऐका, मग ठरवा.

१९७१ साली अमेरिकेत 'चेनमेल' नावाचं एक छोटं नियमपुस्तक निघालं. लेखक दोघं, गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन. गायगॅक्स विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावात राहायचा. विम्याच्या क्षेत्रातली नोकरी गेल्यावर बूटदुरुस्ती करणारा माणूस होता तो. 'चेनमेल' म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळायचा खेळ. त्याच्या शेवटी एक पुरवणी होती, त्यात ड्रॅगन, ट्रोल आणि विझर्ड. आता लढाईच्या खेळात जादू बसवायची कशी? दगड फेकणाऱ्या यंत्रांचे आणि तोफांचे नियम त्यांच्याकडे आधीच तयार होते. मग जादूगाराच्या आगीच्या गोळ्याला त्यांनी मोठ्या दगडफेकी यंत्राइतकी जागा उडवायची ताकद दिली आणि विजेच्या झोताला अवजड मैदानी तोफेची. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर जुनंच फंक्शन उचललं आणि नाव बदललं.

म्हणजे फायरबॉल जन्माला आला तोच तोफगोळा म्हणून. आणि जादूगार? तो चालता-बोलता तोफखाना. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची. आता प्रत्येकाकडे सैन्य नव्हतं, एकेक माणूस होता. आणि इथं अडचण आली. चौघांच्या टोळीत एकजण तोफ घेऊन फिरणार असेल तर तलवारवाल्या तिघांनी करायचं काय? टाळ्या वाजवायच्या?

म्हणून तोफेची किंमत लावली, आणि ती चांगलीच सणसणीत लावली. जादूगाराला चिलखत नाही. हत्यार म्हणून फक्त खंजीर. (गँडाल्फ तलवार चालवतो, पण या खेळातल्या जादूगाराला ती परवानगी नव्हती.) दुसऱ्या लेव्हलला जायला फायटरला २००० गुण लागायचे, याला २५००. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ग्रेहॉक' पुरवणीत तर त्याचा जीव चार बाजूंच्या फाशावर आणला. म्हणजे सरासरी अडीच. तलवारीचा घाव आठ बाजूंच्या फाशाचा, सरासरी साडेचार. गणित तुम्हीच करा.

आणि मंत्र? पहिल्या लेव्हलला दिवसाला एक. फक्त एक.

ही एकची भानगड जॅक व्हान्स या लेखकाकडून आली. त्याच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० च्या पुस्तकातले जादूगार मंत्र पाठ करतात, पण मोठ्यात मोठ्या जादूगाराच्याही मेंदूत मोजकेच मंत्र मावतात, आणि म्हटला की मंत्र डोक्यातून पुसला जातो. मला हे रॅमसारखं वाटतं, पण अशी विचित्र रॅम की एकदा वाचली की रिकामी. गायगॅक्सला ही कल्पना इतकी आवडली की हीच पद्धत का निवडली यावर त्यानं १९७६ मध्ये लेखही लिहिला. खेळातल्या 'वेक्ना' या खलनायकाचं नाव म्हणजे 'व्हान्स'ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केलेली.

तर मग तेव्हाचे लोक हा अडीच जिवाचा आणि एका मंत्राचा गडी खेळायचे कसे? दोन गोष्टी होत्या.

पहिली म्हणजे स्लीप. १९७४ च्या पुस्तिकेत पहिल्या पातळीचे मंत्र आठच होते आणि त्यातला स्लीप एका झटक्यात दोन ते सोळा किरकोळ शत्रू झोपवायचा, वाचायची संधी न देता. तोफखाना छोटा होता, पण होता.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि नवे खेळाडू नेमकी तीच विसरतात. तेव्हा गुण राक्षस मारून फार मिळत नसत, खजिना बाहेर काढून मिळत. एक सुवर्णनाणं, एक गुण. त्यामुळे लढाई हा तोट्याचा धंदा होता. गॉब्लिनशी बोलणं, त्यांना लाच देणं, मागच्या दारानं निसटणं यातच शहाणपण. अशा खेळात एकच मंत्र असलेला माणूस बिनकामाचा नसतो. 'तो मंत्र कधी वापरायचा' हा सगळ्या टोळीचा चर्चेचा विषय असतो.

पुढे खेळ बदलला. लढाईला महत्त्व आलं, पण जादूगाराचा अशक्तपणा तसाच राहिला. तुमची खरी तक्रार तिथं सुरू होते. मंत्र संपला की माणूस दोन तास नुसता बसून. २००८ च्या आवृत्तीनं पुन्हा पुन्हा वापरता येणारे मंत्र दिले, २०१४ च्या आवृत्तीनं कँट्रिप दिले आणि जिवाचा फासा सहा बाजूंचा केला. काही जुने खेळाडू याला लाड म्हणतात. मला पटत नाही. मोबाइल बघत बसलेला खेळाडू कुठल्याच टेबलाला नको असतो. फक्त एक झालं, कँट्रिप हातात असल्यामुळे नवा माणूस जादूगाराला तिरंदाज समजून पुढे सरसावतो.

'बाल्डर्स गेट ३' हा २०१४ च्या नियमांवर बेतलेला आहे, त्यामुळे सांगाडा जुनाच. म्हणून सल्लाही जुनाच. तोफखाना मागे असतो. फायटर दारात अडकवा आणि तुम्ही मागे उंचावर उभे राहा. तिथून नेमही चांगला लागतो. मेज आर्मर सकाळी कँपमध्येच टाकून निघा. शील्ड शिकून ठेवा, तो शत्रूच्या पाळीत चालतो. स्लीप आजही घ्या, पण वापर उलटा झालाय. या गेममध्ये तो एकूण २४ जीव भरतील इतक्याच शत्रूंना झोपवतो. म्हणून आधी बाकीच्यांना घाव घालू द्या आणि शत्रू अर्धमेले झाले की मग टाका. वाटेत मंत्रांच्या गुंडाळ्या मिळाल्या तर विकू नका, सोनं खर्चून त्या शिकता येतात. फायटरला ही चैन नाही. आणि पुष्कळ ठिकाणी बोलून प्रसंग मिटवला तरी गुण मिळतात, तेव्हा संवादाचे पर्याय घाईत उडवू नका.

पाचव्या लेव्हलला फायरबॉल येतो. १९७४ मध्येही तो पाचव्यालाच मिळायचा. आता तो सहा बाजूंचे आठ फासे उडवतो, सरासरी २८. गोळा आपला-परका ओळखत नाही, हेही तोफेकडूनच आलंय. पहिल्या पुस्तिकांमध्ये तर अरुंद जागेत आग त्या जागेचा आकार घेत पसरायची. आमच्या ग्रुपमधल्या एकानं पहिला फायरबॉल आमच्याच फायटरसकट टाकला होता, अजून त्याला चहा पाजावा लागतो. हे टाळायचं असेल तर दुसऱ्या लेव्हलला इव्होकेशन शाखा निवडा, त्यात आपली माणसं वाचतात.

फायटर घ्यायचा की नाही, ते आता तुम्ही ठरवा. घेतलाच तर चौथ्या लेव्हलपर्यंतचं सेव्ह जपून ठेवा आणि पाचव्याला शेजारच्या जादूगाराकडे एकदा बघा. पुढच्या भागात क्लेरिक. त्याला १९७४ मध्ये पहिल्या लेव्हलला एकही मंत्र नव्हता, तरी लोक तो खेळायचे.